उस्तादांचा मोकळा प्रवास

आमच्या उस्तादांच्या मते जगात दोनच प्रकारचे लोक असतात, प्रवासी आणि पार्सल. जो आपलं तिकीट आपण काढतो, आपला रस्ता आपण शोधतो, तो प्रवासी. बोटीच्या सहलीला जातं ते पार्सल. इथून उचललं, तिथे ठेवलं, मधे तीन वेळा खायला घातलं. कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हे ऐकलेलं आहे. उस्ताद सुरू झाले की मी चहाचं पाणी ठेवायची. त्यांचं म्हणणं संपेपर्यंत ते उकळून निम्मं होत असे.

उस्ताद म्हणजे माझे यजमान, रऊफ. एकतीस वर्षं त्यांनी मुलांच्या शाळेत भूगोल शिकवला. आमच्या कैरोत मास्तरांना उस्तादच म्हणतात, त्यात थट्टा नसते. मी म्हणते तेव्हा असते.

लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि दर वर्षी एक मोकळा प्रवास झाला. सीवा झालं, फायूम झालं, दाखलाच्या वाळवंटात तर दोनदा जाऊन आलो. मोकळा प्रवास म्हणजे काय, ते मी सांगते. हे हातात नकाशा घेऊन पुढे चालतात. मागून मी येते, आणि माझ्याकडे स्टोव्ह, पातेलं, कांदे, चादरी, साबण आणि आमचा मुलगा हिशाम लहान होता तेव्हा हिशाम. रात्रीची खोली हे निवडतात, कारण तिथे खरी माणसं राहतात म्हणे. खरी माणसं न्हाणीघर धूत नाहीत हे मला सीवाला कळलं. आधी झाडू शोधायचा, मग गादी उन्हात टाकायची, मग फूल, म्हणजे आमच्याकडचे वाल, शिजायला ठेवायचे. तोवर हे गावात फेरफटका मारून येत आणि दारातूनच विचारत, “इनायात, काय वास सुटलाय, झालं का?” पुढचं वर्षभर पाहुण्यांना त्या गावाच्या गोष्टी. गाव मी क्वचितच पाहिलं. स्वयंपाकघरं मला सगळी आठवतात.

आता बोटवाल्यांबद्दल बोलायचं तर त्यांचंही काही कौतुक सांगण्यासारखं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर बहिगा राहते. गेल्या हिवाळ्यात ती नाईलवरच्या बोटीने लुक्सरहून अस्वानला जाऊन आली. पाच देवळं बघितली आणि एकाचंही नाव तिला सांगता येत नाही. पलंगावर टॉवेलची घडी घालून हंस केला होता, ही गोष्ट मात्र तिने जिन्यात मला तीनदा सांगितली, एकदा तर माझ्या हातात कचऱ्याची बादली असताना. बहिगाची अक्कल बेताचीच आहे. पण हंस सांगून झाल्यावर ती सहज बोलून गेली, “चार दिवस मी एक कपसुद्धा विसळला नाही, इनायात.”

मी वर आले आणि बादली दारातच विसरले. मला चार दिवस हवे होते. देवळं नकोत, सूर्यास्त नको. एक कप विसळायचा नाही असे चार दिवस.

जानेवारीत आमच्या जिन्यातल्या बायकांची भिशी माझ्या नावाने निघाली. मी कुणाला न विचारता दोघांचं बुकिंग करून आले आणि रात्रीच्या जेवणात उस्तादांसमोर कागद ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “हे काय आहे?”

“बोट आहे.”

“बोट आहे ते दिसतंय. आपण पार्सल कधीपासून झालो?”

“तुम्ही होऊ नका. मी होणार आहे. एकदा मला कुणीतरी उचलून ठेवू द्या.”

“लुक्सरहून अस्वानला माझ्याबरोबर रेल्वेने चल. एदफूला उतरू, ऊसवाल्यांच्या गावात राहू. तिथली माणसं—”

“न्हाणीघर धूत नाहीत,” मी म्हटलं.

दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. भूगोलाच्या मास्तरला दोन दिवस न बोलणं जड जातं, तिसऱ्या दिवशी त्यांनीच बॅग काढली. म्हणजे कपाटावरून खाली काढली. भरली मी.

बोटीचं नाव ‘एस्नाचा तारा’. पितळी कठडे, लाल गालिचा, दाराशी प्लास्टरचे दोन फेरो राजे. अर्धवार्षिक सुट्टी असल्यामुळे बोट आमच्याच लोकांनी भरली होती, आणि कसले लोक म्हणता! बायका सकाळी आठ वाजता टिकल्यांच्या पोशाखात. पुरुष ताटात चिकन, त्यावर मासा, त्यावर बसबूसाची रव्याची मिठाई असा डोंगर रचून फोटो काढत आणि निम्मं तसंच टाकून उठत. कर्नाकच्या देवळात एकाने वाटाड्याला विचारलं, “अजून किती खांब राहिलेत?” वाटाड्याची झेंडी वर झाली की चालायचं, खाली आली की थांबायचं. उस्ताद माझ्या कानाशी लागून म्हणाले, “बघ तुझा कळप.” त्यांचं खोटं नव्हतं. मला त्या लोकांची कीव येत होती आणि जेवणाची घंटा कधी होते याकडेही माझं लक्ष होतं.

पहिल्या दिवशी न्याहारीनंतर मी सवयीने टेबलावरच्या बश्या एकात एक ठेवायला लागले. शाज़ली आला. तो आमच्या मजल्याच्या खोल्या आणि आमचं टेबल सांभाळायचा. पन्नाशीचा, अस्वानचा, फार न हसणारा.

“हग्गा, माझी नोकरी घालवता का?” म्हणाला आणि बश्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

आमच्याकडे वय झालेल्या बाईला हजयात्रेचा मान आधीच देऊन हग्गा म्हणतात. मी हजला गेलेले नाही. तिथेही गटाने जावं लागतं, त्यामुळे उस्तादांनी तो विषय लांबणीवर टाकलेला आहे.

खोलीत गेले तर पलंग घातलेला होता. चादरीला एक सुरकुती नाही. मी काठावर बसले आणि रडले. सांगायला लाज वाटते, पण रडले. अडतीस वर्षांत माझा पलंग दुसऱ्या कुणी घातला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही. टॉवेलचा हंस होताच, तो मी रागाने उलगडला आणि त्याने तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एदफूला लागलो. तिथे धक्का लहान आणि बोटी फार, म्हणून एकीला एक चिकटवून बांधतात, चार-चार, पाच-पाच. मधल्या बोटींच्या दिवाणखान्यातून चालत चालत किनाऱ्यावर जायचं. एका दारातून शिरायचं, समोरच्या दारातून निघायचं की दुसऱ्या बोटीचा दिवाणखाना. प्रत्येक ठिकाणी तोच गालिचा, तेच पितळ, तेच दोन फेरो. आमची बोट तेव्हा किनाऱ्यापासून तिसरी होती.

उतरताना प्रत्येकाला आपल्या नंबरची पत्र्याची चकती दिली जाते. परत आलं की ती दाराजवळच्या फळीवर खिळ्याला अडकवायची. खिळा रिकामा दिसला की माणूस बाहेर आहे हे बोटवाल्यांना कळतं. उस्तादांनी ही चकती पहिल्याच दिवशी बघून घेतली होती.

“पार्सलची चिठ्ठी,” म्हणाले. “मी घेणार नाही.”

त्या दिवशीही चकती खिळ्यावर ठेवून ते निघाले. बाकीचा कळप घोडागाडीतून देवळाकडे गेला. उस्ताद बाजाराकडे पायी जाणार होते.

“चल, इनायात. आपण दोघं जाऊ. खरं एदफू बघू.”

“मी इथे बसते.”

“इथे काय आहे?”

“चहा आहे. कुणीतरी आणून देणार आहे.”

ते पाठमोरे गेले, दोन्ही हात नकाशात. मी वरच्या डेकवर बसले. ऊन चांगलं होतं. शाज़लीने पुदिन्याचा चहा आणला, मी प्यायले, आणि कप खाली ठेवून पुन्हा त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाणीवपूर्वक बघितलं नाही.

अकराच्या सुमाराला बोट सुटली. शाज़लीने फळी बघितली होती, सगळ्या चकत्या जागेवर होत्या. उस्ताद दिसले नाहीत तेव्हा मला वाटलं, खाली दिवाणखान्यात कुणाला तरी पार्सलबद्दल सांगत असतील. जेवायला आले नाहीत तेव्हा वाटलं, रुसले. मी जेवले. पहिल्यांदाच अन्न गरम होतं.

दीड वाजता माझा फोन वाजला.

“इनायात,” उस्ताद म्हणाले, “ही बोट उलटी का चालली आहे?”

“म्हणजे?”

“सूर्य मागे आहे. दुपारी अस्वानकडे जाताना सूर्य समोर हवा.”

मी समोर बघितलं. सूर्य आमच्या अगदी समोर होता. मी त्यांना तसं सांगितलं. मग झालं होतं ते बाहेर आलं. बाजारातून ते धक्क्यावर आले तेव्हा मधली एक बोट निघून गेली होती, आमची तिच्या जागी सरकली होती आणि बाहेरच्या बाजूला दुसरीच येऊन लागली होती. उस्तादांनी किनाऱ्यापासून मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिसरीत शिरले. कुणाला विचारलं नाही, कारण विचारतो तो प्रवासी नव्हे. दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसले, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं आणि झोपले. ती बोट लुक्सरला परत जाणारी होती.

“त्यांनी काही म्हटलं नाही?”

“आत्ता मॅनेजर येऊन गेला. फार क्षमा मागत होता. पाहुणा समजून जेवायला घातलं त्यांनी मला.”

“काय होतं?”

“बदक,” उस्ताद म्हणाले. आवाजात थोडा अपराधीपणा होता. “बरं होतं.”

मला हसू आवरेना. फोन छातीशी धरून मी हसून घेतलं. परत कानाला लावला तोवर आमच्या उस्तादांनी आपल्या चुकीतूनच एक योजना काढली होती.

“मी काय म्हणतो ते ऐक. एका अर्थी हे झालं ते बरंच झालं. त्या बोटीच्या सहलीत नाहीतरी अर्थ नव्हता. हे लोक मला एस्नाच्या बांधाशी उतरवतायत, तिथून मी मायक्रोबसने लुक्सर गाठतो. तुमची बोट चारला कोम ओम्बोला लागेल. तू तिथे उतर. दोन्ही बॅगा घे. स्टेशनवर संध्याकाळची उत्तरेची गाडी मिळेल. उद्या सकाळी आपण केनाला जाऊ, देंदेराचं देऊळ बघू. मोकळे. स्टोव्ह नाही आणला, पण एखादा विकत घेऊ.”

पलीकडे मागे मला बश्यांचा आवाज येत होता. कुणीतरी त्यांचं टेबल आवरत होतं.

“ऐकतेस ना?”

“हो,” मी म्हटलं. “बरं.”

बरं म्हटलं मी. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता. दोन रात्री बाकी होत्या, माझ्या होत्या, मी त्या रात्रींसाठी जिन्यात उभी राहून बहिगाच्या हंसाची गोष्ट तीनदा ऐकली होती, आणि तोंडातून निघालं बरं. खोलीत जाऊन मी बॅगा भरायला घेतल्या. आधी त्यांची. सदरे, विजार, लोकरी टोपी, दाढीचं सामान, नकाशाच्या नळ्या. मग माझी, तिला पाच मिनिटं पुरली.

चारला कोम ओम्बो आलं. इथेही बोटी एकीला एक बांधलेल्या, आणि आमची सगळ्यांत बाहेरची, किनाऱ्यापासून चौथी. शाज़लीने मला जिन्यात दोन बॅगांसकट बघितलं.

“हग्गा, हे काय?”

“उतरते. उस्ताद लुक्सरला वाट बघतायत.”

उस्तादांचा पराक्रम तोवर सगळ्या बोटीला माहीत झाला होता. शाज़लीने बॅगांकडे बघितलं. “आज जेवणानंतर सगळे पायघोळ गलाबिया घालून नाचणार आहेत,” म्हणाला. “फार वाईट नाचतात. बघण्यासारखं असतं.” मग त्याने बॅगांना हात घातला. मी दिल्या नाहीत. अडतीस वर्षांची सवय, मी त्या दोन्ही हातांत घेतल्या आणि निघाले.

पहिल्या बोटीच्या दिवाणखान्यातून गेले. लाल गालिचा, पितळ, दोन फेरो. कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या बोटीत शिरले तेव्हा समोरच्या दारातून त्यांचा कळप देवळाहून परत येत होता, त्या गर्दीत मला पुढे जाता येईना. मधोमध एक वेटर तबक घेऊन उभा होता. येईल त्याच्या हातात एक गरम ओला रुमाल आणि जास्वंदीच्या सरबताचा पेला देत होता आणि एकच वाक्य म्हणत होता. माझ्याकडे मान वर करून न बघता त्याने मलाही म्हटलं, “सुखरूप आलात. बसा, दमला असाल.”

मी बसले. तिथेच, कोचावर, दोन्ही बॅगा पायाशी टाकून. मला माहीत होतं की हे वाक्य त्याला पगारात शिकवलेलं आहे. संध्याकाळपर्यंत त्याने ते दीडशे जणांना म्हटलं असणार, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्याला खास म्हटलं असं समजून शुब्राला नाहीतर तांताला जाऊन सांगणार. पार्सलला चिकटवलेली चिठ्ठी ती. मला सगळं कळत होतं. पण सीवाला, फायूमला, दाखलाला, कुठेही पोचल्यावर मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी पोचले की झाडू शोधत असे. मी पेला पूर्ण प्यायले, रुमालाने मान पुसली, आणि मला फार राग आला. वेटरचा नाही, बोटीचाही नाही. मग मी बॅगा उचलल्या आणि आल्या दाराने परत गेले.

एस्नाच्या ताऱ्यावर शाज़ली दाराशीच होता. त्याने या वेळी न विचारता बॅगा घेतल्या. मी दिल्या.

फोन मीच केला. उस्ताद लुक्सरच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर होते, गाढवगाडीवाल्यांची भांडणं ऐकू येत होती.

“बसलीस गाडीत?”

“नाही. मी उतरत नाहीये.”

“म्हणजे? गाडी चुकली?”

“गाडी असेल तिच्या जागी. मी उतरत नाहीये. मला दोन रात्री आहेत अजून. तुम्ही देंदेरा बघून या. नाहीतर अस्वानला या, परवा सकाळपर्यंत मी इथेच आहे.”

ते समजायला त्यांना वेळ लागला. मग रागावतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. पण ते रागावले नाहीत.

“पण इनायात,” ते हळूच म्हणाले, “मग मी जाऊ कुणाबरोबर?”

मी इतकी वर्षं या माणसाला नावं ठेवत आले, पण तो आवाज ऐकून मला आधी त्यांची लोकरी टोपी आठवली. ती इथे माझ्याजवळ होती आणि लुक्सरला संध्याकाळी गारठा पडतो. आणखी एकदा त्यांनी तसं विचारलं असतं तर मी बॅगा परत मागितल्या असत्या.

“ते मला सांगता येणार नाही, उस्ताद,” मी म्हटलं. “मी तर तुमच्याबरोबर अडतीस वर्षं एकटीच जात होते.”

पलीकडून खिसे चाचपल्याचा आवाज आला.  

“माझ्या गोळ्या तुझ्याकडे राहिल्या.”

“रक्तदाबाची कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळेल. नाव सांगा त्याला.”

“नाव काय तिचं?”

साठ देशांच्या राजधान्या या माणसाला झोपेत विचारा. नऊ वर्षं रोज गिळलेल्या गोळीचं नाव माहीत नाही. मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी चहावाल्याकडून पेन्सिल मागून घेतली, नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि शाळेतल्या मुलासारखं मला परत वाचून दाखवलं. बरोबर होतं. खाली आमच्या बोटीवर जेवणाची घंटा झाली.

“आणि इनायात,” ते म्हणाले, “ती जेवणाआधी घ्यायची असते की नंतर?”

“नंतर,” मी म्हटलं, फोन ठेवला आणि जेवायला गेले.